शिडे आणि धुराडे

इंग्लंडच्या आग्नेय भागात मेडवे नदीच्या काठी चॅटम नावाचे गाव आहे. तेथील जुन्या आरमारी गोदीत 'गॅनेट' नावाची एक युद्धनौका जतन करून ठेवलेली आहे. गॅनेट हा समुद्रात सूर मारून मासे टिपणारा एक पांढरा पक्षी. त्याचेच नाव या नौकेस दिले गेले. दुरून पाहणाऱ्यास प्रथम तिच्या तीन उंच डोलकाठ्या, त्यांवरील आडवे वासे आणि दोरखंडांचे दाट जाळे दिसते व हे शिडांचे जहाज आहे अशी त्याची खात्री होते. थोडे जवळ गेल्यावर मात्र डोलकाठ्यांच्या मधून वर आलेले धुराडे नजरेस पडते आणि तो बुचकळ्यात पडतो. पोटात वाफेचे एंजिन असताना शिडांचा एवढा खटाटोप कशासाठी? आणि वाऱ्यावरच भिस्त ठेवायची होती, तर एंजिनाचे ओझे वाहण्याचे कारण काय?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे कोळसा.

कोळशाची ही अडचण मुंबई बंदराने फार लवकर अनुभवली होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल कारागिरांनी १८२९ साली 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली. ती २० मार्च १८३० रोजी टपाल घेऊन सुएझकडे निघाली. तिच्या कोठारात पाच-सहा दिवस पुरेल एवढाच कोळसा मावत असे. एडनचा पल्ला तर याच्या दुप्पट. तेव्हा उतारूंच्या खोल्यांपासून तक्तपोशीपर्यंत मिळेल त्या जागी कोळसा भरण्यात आला आणि बोट पाण्यात खोल दबून चालू लागली. अकरा दिवसांनी ती एडनला पोहोचली, तेव्हा कोळसा जवळजवळ संपला होता. पुढे सुएझ गाठेपर्यंत एकंदर तेहतीस दिवस लागले. पण त्यांतील बरेचसे दिवस प्रवासात नव्हे, तर वाटेतील बंदरांत कोळसा भरण्यात गेले. वाफेने वाऱ्याची गुलामी संपविली खरी, परंतु तिच्या जागी कोळशाची गुलामी आणली. वारा निदान फुकट मिळत होता!

व्यापारी आगबोटीचा मार्ग ठरलेला असे. त्यामुळे तिच्यासाठी ठिकठिकाणी कोळशाचे साठे करून ठेवणे शक्य होते. युद्धनौकेचे तसे नव्हते. पॅसिफिक महासागरातील एखाद्या दूरच्या बेटाकडे जाण्याचा हुकूम आज मिळेल, तर उद्या आफ्रिकेच्या निर्जन किनाऱ्यावर पहारा करावा लागेल; तेथे कोळसा कोण ठेवणार? म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, दूरदेशी हिंडणाऱ्या लहान लढाऊ नौकांवर शिडे व एंजिन यांचा संसार एकत्र थाटण्यात आला. अशा नौकांना 'स्लूप' म्हणत. या शब्दाचा अर्थ काळाप्रमाणे बदलत गेला आहे. परंतु त्या काळच्या ब्रिटिश नौदलात स्लूप म्हणजे 'कमांडर' हुद्द्याच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलेली लहान युद्धनौका, असा ढोबळ अर्थ होता. 'कॅप्टन' हा त्याहून वरचा हुद्दा. त्याच्याकडे मोठी जहाजे जात.

हा संसार आरंभी सुखाचा झाला नाही. पहिल्या आगबोटींना दोन्ही अंगांस मोठमोठी चाके असत व त्या चाकांवरील फळ्या वल्ह्यांप्रमाणे पाणी मागे लोटीत. युद्धनौकेस ही चाके गैरसोयीची होती. जेथे तोफा मांडायच्या ती जागा चाकांनी अडविलेली असे. शत्रूचा एक गोळा चाकावर बसला की नौका पंगू होई. आणि शिडांवर चालताना पाण्यात बुडालेल्या त्याच फळ्या तिला मागे ओढीत. यावर उपाय निघाला तो मळसूत्री पंख्याचा. नौकेच्या मागील टोकास, सुकाणूच्या पुढे, पाण्याखाली फिरणारा हा पंखा कोणास दिसत नसे आणि तोफांची जागाही अडवीत नसे.

पण पंख्यात चाकांएवढे बळ आहे काय, अशी शंका पुष्कळांना होती. ३ एप्रिल १८४५ रोजी तिचे निरसन मोठ्या गमतीदार रीतीने करण्यात आले. 'रॅट्लर' ही पंख्याची स्लूप आणि 'अलेक्टो' ही चाकांची स्लूप, अशा आकाराने सारख्या व शक्तीने जवळपास सारख्या दोन नौका पाठीस पाठ लावून दोरखंडाने बांधण्यात आल्या आणि दोघींनी उलट दिशांना पूर्ण जोर लावला. शाळेच्या मैदानावर रस्सीखेच चालते तसाच हा प्रकार. अलेक्टोची चाके पाणी घुसळीत राहिली आणि रॅट्लरने तिला ताशी दोन सागरी मैलांहून अधिक वेगाने उलट ओढीत नेले. ही गोष्ट अनेक पुस्तकांत पंख्याच्या विजयाची कथा म्हणून सांगतात. वस्तुतः नौदलाने त्यापूर्वीच पंख्याच्या अनेक नौका बांधावयास घेतल्या होत्या. निर्णय आधी झाला होता, रस्सीखेच नंतर झाली. तरीही शेकडो पानांच्या अहवालाने जे काम झाले नसते ते त्या एका दोरखंडाने केले, यात संशय नाही.

गॅनेटचा जन्म यानंतर तेहतीस वर्षांनी, ३१ ऑगस्ट १८७८ रोजी, मेडवेच्या मुखाशी असलेल्या शीअरनेसच्या गोदीत झाला. नौदलाचे मुख्य रचनाकार नथानिएल बार्नाबी यांनी आखलेल्या एका जातीच्या नऊ नौकांपैकी ती एक. तिची लांबी १७० फूट, रुंदी ३६ फूट आणि वजन सुमारे १,१३० टन. क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या ओळीने मांडल्या, तर त्यांहूनही ही नौका आखूड भरेल. एवढ्या जागेत एंजिन, बॉयलर, कोळसा, तोफा, दारूगोळा, शिडांचे गठ्ठे, अन्नपाणी आणि सुमारे १४० माणसे राहत असत.

तिच्या बांधणीत लाकूड व लोखंड यांची जी सांगड घातली आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. त्या काळी लोखंडी जहाजे नवी राहिली नव्हती. मग तिच्या लोखंडी सांगाड्यावर सागवानी फळ्यांचे कवच का चढविले? कारण असे की, उष्ण समुद्रात जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात व त्याची गती निम्म्यावर येते. लोखंडी बूड घासण्यासाठी जहाज कोरड्या गोदीत न्यावे लागते, आणि दूरदेशी अशा गोद्या क्वचितच असत. तांब्याच्या पत्र्यावर मात्र शेवाळ टिकत नाही, आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडेही त्याला बाधू शकत नाहीत. मग लोखंडावरच तांबे का मढवू नये? तर खाऱ्या पाण्यात तांबे व लोखंड एकमेकांस भिडले की विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन लोखंड झपाट्याने झिजते. म्हणून या दोन वैरी धातूंच्या मध्ये लाकडाची भिंत घालण्यात आली: आत लोखंडाचा सांगाडा, त्यावर सागाच्या फळ्या आणि पाण्याखालील भागावर तांब्याचे पत्रे. सागाची निवडही विचारपूर्वक केलेली होती. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंड गंजते. सागाच्या अंगी तो दोष नाही. सागाच्या टिकाऊपणाची साक्ष पाहायची असेल, तर मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे.

गॅनेटचे एंजिन आडवे होते. उभे एंजिन पाण्याच्या पातळीच्या वर डोके काढते आणि शत्रूच्या गोळ्याला आयते सापडते; आडवे एंजिन नौकेच्या तळाशी सुरक्षित पडून राहते. त्यात दोन सिलिंडर होते. बॉयलरमधून आलेली वाफ पहिल्या, लहान सिलिंडरात दट्ट्या ढकलून बाहेर पडे; पण तेवढ्याने तिचा जोर संपत नसे. तीच वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरात नेऊन तिच्याकडून पुन्हा काम करून घेत. या युक्तीने कोळशाची मोठी बचत झाली. तरीही १५० टन कोळसा भरून ताशी दहा सागरी मैलांच्या गतीने ही नौका सुमारे दीड हजार मैलच जाऊ शके. मुंबईपासून एडनचे अंतर याहून थोडे अधिकच आहे. म्हणजे ह्यू लिंडसेच्या सफरीनंतर अर्ध्या शतकानेही निव्वळ वाफेवर एडन गाठणे या नौकेस साधले नसते. शिडे का हवी होती, हे यावरून ध्यानात येईल. अकरा-साडेअकरा सागरी मैल हा तिचा वाफेवरील कमाल वेग. मनाजोगा वारा मिळाला तर शिडांवर ती याहूनही वेगाने धावे.

वाफेवरून शिडांवर येणे हा एक सोहळाच असे. समुद्र खुला मिळाला आणि वारा स्थिर झाला की अधिकाऱ्याचा हुकूम सुटे. भट्ट्या विझविण्यात येत. पुष्कळ नौकांचे धुराडे दुर्बिणीच्या नळीप्रमाणे एकात एक सरकणारे असे. ते खाली उतरवीत, म्हणजे शिडांच्या आड येत नसे. पाण्यात थांबलेला पंखा नौकेला मागे ओढतो, म्हणून अनेक नौकांत तो दांड्यापासून सोडवून दोरखंडांनी एका उभ्या विहिरीसारख्या पोकळीत वर उचलून घेण्याची सोय केलेली असे. त्यानंतर खलाशी डोलकाठ्यांवर चढत आणि आडव्या वाशांवर पोट टेकून, पायांखालच्या एका दोरावर तोल सांभाळीत शिडे सोडीत. भर तुफानात, रात्रीच्या अंधारात, भिजून लाकडासारखे ताठर झालेले कापड गुंडाळणे हे जिवावरचे काम होते.

खाली भट्टीपाशी वेगळेच जग होते. मुंबई बंदरातील आगबोटींवर जे काम करणाऱ्यास 'आगवाला' म्हणत, ते काम करणारी माणसे तेथे कोळसा ओढीत, राख काढीत आणि दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात घामाने न्हात. तांबड्या समुद्रातील उन्हाळ्यात त्या खोलीतील उष्मा किती असेल, याची कल्पनाच केलेली बरी. वर वाशांवर चढणारे खलाशी स्वतःला खरे दर्यावर्दी समजत व भट्टीवाल्यांकडे थोडे तुच्छतेने पाहत. कोळशाच्या धुळीने शिडे काळी होतात आणि स्वच्छ घासलेली तक्तपोशी मळते, ही त्यांची नेहमीची तक्रार. भविष्य मात्र खालच्या काळवंडलेल्या माणसांच्या बाजूचे होते.

गॅनेटची पहिली नेमणूक पॅसिफिक महासागरात झाली आणि १८८३ पर्यंत ती तेथे होती. १८८५ नंतर ती भूमध्य समुद्रातील ताफ्यात होती आणि तेथून तांबड्या समुद्रात जाऊन गुलामांच्या व्यापाराला पायबंद घालण्याचे काम करीत होती. हे काम तिच्यापूर्वीही अनेक स्लूपांनी केले होते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माणसे पकडून लहान अरबी गलबतांतून त्यांना अरबस्तानाकडे विकावयास नेत. ही गलबते किनाऱ्याला चिकटून उथळ पाण्यातून जात. तेथे स्लूपचा शिरकाव होत नसे. म्हणून स्लूप दूर उभी करून तिच्यावरील होड्या वल्ह्यांनी किनाऱ्याकडे पाठवीत आणि खलाशी दिवसच्या दिवस उघड्या होडीत उन्हात दबा धरून बसत. पाठलाग सुरू झाला की गलबताचा मालक कधी कधी माल वाचविण्याचा नाद सोडून गलबत फुटत्या लाटांत खडकांवर घाली व स्वतः पळून जाई. त्यात खाली कोंबलेली कित्येक माणसे बुडून मरत. 'डॅफ्नी' नावाच्या स्लूपचा कमांडर जॉर्ज सलिव्हन याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पाठलागांची हकीकत लिहून ठेवली आहे. या कामाला दुसरी बाजूही होती. पकडलेल्या गलबताबद्दल खलाशांना बक्षीस मिळे. त्या लोभाने निरपराध व्यापाऱ्यांची गलबतेही जाळली जातात, असा आरोप तेव्हाच झाला होता.

सुटलेल्या माणसांचे पुढे काय होई? पुष्कळांना परतण्यासाठी घरच उरलेले नसे. त्यांपैकी काही मुले मुंबईस उतरविली गेली आणि नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनऱ्यांनी चालविलेल्या आश्रमात वाढली. तेथे त्यांना लेखन-वाचनाबरोबर सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. ब्रिटिश युद्धनौकेने गुलामांच्या गलबतातून सोडविलेला जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक मुलगा. तो मोठा होऊन आफ्रिकेत परतला व डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत सामील झाला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा प्रार्थना वाचून झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरणारा हाच वेनराइट होता. सोबत्यांनी शव कित्येक महिने पायी चालून समुद्रकिनाऱ्यावर आणले, आणि तेथून इंग्लंडपर्यंत वेनराइट त्याच्याबरोबर गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांचा अंत्यविधी झाला, त्या वेळी शवपेटीसोबत चालणाऱ्यांत गोदाकाठी शिकलेला हा तरुण होता.

तथापि स्लूप म्हणजे केवळ दयेची दूत नव्हे. ब्रिटिश व्यापाराचे व सत्तेचे रक्षण हे तिचे पहिले काम, आणि त्यासाठी तोफा डागण्यास ती मागेपुढे पाहत नसे. १८८८ च्या सप्टेंबर महिन्यात गॅनेटला सुदानमधील सुआकिन बंदराकडे धाडण्यात आले. तेथील इजिप्ती ठाण्याला ब्रिटिशांचा पाठिंबा होता, आणि परकी सत्तेविरुद्ध उठलेल्या महदीच्या अनुयायांनी उस्मान दिग्ना याच्या नेतृत्वाखाली बंदराला वेढा घातला होता. सुमारे महिनाभर गॅनेट तेथे नांगरून राहिली आणि समुद्रावरून तोफांचा मारा करीत राहिली. तिच्या दीर्घ आयुष्यातील खरे लढाईचे दिवस एवढेच.

तिच्या जातीच्या सर्वच नौकांना असे दीर्घायुष्य लाभले नाही. धाकटी बहीण 'डॉटरेल' पॅसिफिककडे जात असता २६ एप्रिल १८८१ रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, पुंता आरेनास बंदरात नांगरून उभी होती. समुद्र शांत होता, शत्रू कोठेही नव्हता. अकस्मात प्रचंड स्फोट होऊन नौका क्षणार्धात तळाशी गेली. १४३ माणसे मेली, केवळ १२ वाचली. कोळशातून निघालेल्या वायूने पेट घेतला असावा, असे प्रथम ठरले. परंतु पुढे दुसऱ्या एका नौकेवर एक उग्र दर्प सुटला, तेव्हा डॉटरेलवर काम केलेल्या एका कारागिराने तो ओळखला; स्फोटापूर्वी तेथेही हाच वास येत होता, असे त्याने सांगितले. तो वास रंग लवकर वाळविण्याच्या एका द्रवाचा होता. त्याची वाफ बंद जागेत साचून ज्वालाग्राही होते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तो द्रव नौकांवरून हद्दपार झाला, पण १४३ माणसांच्या मरणानंतर.

शिडांचा अंतही अशाच एका अपघाताने जवळ आणला. 'काँडॉर' ही १८९८ साली पाण्यात उतरलेली पोलादी स्लूप. तिलाही जुन्या पद्धतीच्या डोलकाठ्या होत्या. डिसेंबर १९०१ मध्ये ती कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एस्क्विमॉल्ट बंदरातून होनोलुलूकडे निघाली आणि तुफानात सापडून सर्व माणसांसह नाहीशी झाली. किनाऱ्याला लागलेल्या काही वस्तूंवरून तिचा शेवट काय झाला हे कळले. उंच डोलकाठ्या व शिडे यांचा भार लहान नौकेचा तोल बिघडवितो, ही टीका आता दुर्लक्षिण्याजोगी राहिली नाही, आणि तशा इतर नौकांवरून शिडे उतरविण्यात आली. एव्हाना जगभर कोळशाची ठाणी झाली होती, एंजिने सुधारली होती, आणि ज्या अडचणीपोटी शिडे टिकून होती ती अडचणच पुष्कळशी दूर झाली होती. १९०४ साली अॅडमिरल फिशर नौदलाचे प्रमुख झाले. लढावयास दुर्बळ आणि पळावयास मंद अशा शंभराहून अधिक जुन्या नौका त्यांनी एका फटक्यात यादीतून काढून टाकल्या.

गॅनेट त्यापूर्वीच, १८९५ साली, निवृत्त झाली होती. १९०३ साली 'प्रेसिडेंट' हे नवे नाव देऊन तिला लंडनमध्ये राखीव खलाशांच्या कवाइतीसाठी ठेवण्यात आले. १९१३ साली ती हॅम्बल नदीवरील 'मर्क्युरी' या नाविक शिक्षणाच्या शाळेकडे सोपविण्यात आली. या शाळेचे चालक होते सी. बी. फ्राय: ससेक्स संघात रणजितसिंहजींच्या जोडीने खेळलेले प्रसिद्ध क्रिकेटपटू. जेथे पूर्वी खलाशी निजत तेथे आता मुलांचे झोळे टांगले गेले, आणि १९६८ साली ती शाळा बंद होईपर्यंत मुलांच्या अनेक पिढ्या त्या सागवानी भिंतींच्या आत निजल्या व उठल्या. १९८७ साली नौका चॅटमला आणण्यात आली आणि अनेक वर्षे खपून कारागिरांनी तिला जुने रूप परत दिले. आज ती तेथे कोरड्या गोदीत उभी आहे. शेजारच्या गोद्यांत विसाव्या शतकातील एक विनाशिका आणि एक पाणबुडी आहे. धुराडे आणि डोलकाठ्या दोन्ही एकत्र दिसतात, त्या मात्र गॅनेटवरच.